मामीचे साठ फॉर्म

माझ्या मामीने एम.ए.ला नाव घातलं तेव्हा ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि मी एकवीसची, आणि आम्ही दोघी एकाच वर्गात होतो. विषय समाजशास्त्र. मी तो घेतला, कारण बी.ए.ला त्यातच बरे गुण पडले होते. मामीने का घेतला असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "एकवीस वर्षं सासरी काढली. फील्डवर्क झालेलंच आहे, नुसती पुस्तकं वाचायची राहिलीत."

शिकायला म्हणून मी मामाकडे राहत होते. तीन खोल्यांचं घर, मामा टेलिफोन खात्यात, दोन मुलगे शाळेत. धाकटा पहिलीत गेला त्या वर्षी मामीने पत्राने बी.ए.चा अभ्यास सुरू केला होता आणि रडतखडत पाच वर्षांत तो संपवला होता. मी प्रवेशाचा फॉर्म आणायला निघाले तेव्हा ती कपडे वाळत घालत होती. चिमटा दातात धरूनच म्हणाली, "दोन आण."

"दुसरा कशाला?" मामाने पेपरातून विचारलं. "चुकला तर?"

"हो," मामी म्हणाली. "चुकला तर."

दुसऱ्या फॉर्मवर तिचं नाव आहे हे मामाला फी भरायच्या दिवशी कळलं. तो दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने तिच्यासाठी एक चामड्याची पिशवी आणली, खात्यातल्या लाइनमनची असते तशी, खांद्याला अडकवायची. ती पिशवी इतकी मजबूत होती की पुस्तकं काढून घेतली तरी उभीच राहायची.

पहिल्या दिवशी निघताना मामीने मला जिन्यात थांबवलं. "एक अट आहे. तिथे मला मामी म्हणायचं नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नकोस. नुसतं बोलायला लाग. नाहीतर लोकांना वाटेल, मुलीच्या सोबतीला बाई पाठवलीय."

म्हणून मी मुख्य फाटकाशी उतरायचे आणि ती एक स्टॉप पुढे, ग्रंथालयाशी. अकरा जणांचा वर्ग होता. आठवड्याभरात सगळा वर्ग तिला काकू म्हणायला लागला. एकटी मीच तिला काही म्हणत नसे. फार गरज पडलीच तर "अहो" म्हणायचे, आणि तिला हसू आवरत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर ती भांडी लावता लावता म्हणायची, "अहो, जरा ती कढई द्या." आडनावं वेगळी, त्यामुळे दोन वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. लपवण्यासारखं त्यात काय होतं, असं आज वाटतं. पण त्या लपवण्यातच फार मजा होती, आणि पुढे सगळं अडलं तेही तिथेच.

आमचा विभाग तिसऱ्या मजल्यावर होता. लांब खोली, भिंतीला लोखंडी कपाटं, मध्ये दोन टेबलं जोडून केलेलं एक मोठं टेबल, त्यावर पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांनी केलेल्या शाईच्या खुणा. आकडे मोजण्यासाठी चार उभ्या रेघा आणि एक आडवी, असे पाचाचे जुडगे आम्ही दिवसभर काढत असू. विभागप्रमुखांना सगळे नमुना सर म्हणत. कुणी काहीही विधान केलं की त्यांचा प्रश्न ठरलेला, "नमुना केवढा?" आज चहा फार गोड आहे म्हटलं तरी म्हणायचे, "किती कपांवरून म्हणता?" कडक माणूस. पण मामी उत्तर द्यायला उभी राहिली की ते खडू खाली ठेवायचे. एकदा त्यांनी कुटुंबाची व्याख्या फळ्यावर लिहिली. मामी म्हणाली, "सर, यात भांडी कोण घासतं ते आलेलं नाही." वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी व्याख्येकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "आलेलं नाही खरं."

दुसऱ्या वर्षी सातवा आणि आठवा पेपर न देता त्यांच्याऐवजी लघुप्रबंध लिहिता यायचा. ती परवानगी वर्गातल्या फक्त चौघांना मिळे. मामी त्या चौघांत होती, मी पण. मामीचा विषय होता कामगार कुटुंबांत निर्णय कोण घेतं. विद्यापीठाच्या मागच्या बाजूला वायरच्या कारखान्याची वसाहत होती. तिथली साठ घरं तिच्या वाट्याला आली. सायक्लोस्टाइल केलेले सहा पानी फॉर्म, पहिल्या पानावर घर क्रमांक, आत चौतीस प्रश्न.

त्या दिवशी घरी आम्ही दोघी चादर पिळत होतो. ती एका टोकाला, मी दुसऱ्या. पीळ देता देता ती म्हणाली, "सर म्हणाले, प्रबंध नीट झाला तर पीएच.डी.ला घेतो. संध्याकाळच्या कॉलेजात पुढच्या वर्षी एक जागा निघतेय. शिकवायची."

"मामी, तू प्राध्यापक?"

"नीट धर, सुटतंय टोक." मग चादर झटकून दोरीवर टाकली आणि चादरीच्या पलीकडून म्हणाली, "कुणाला बोलू नकोस. मामालासुद्धा. झालं की सांगू."

ती त्या दोरीशी जराशी जास्तच वेळ उभी राहिली होती. तिला काही हवंय असं मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. घरात सगळ्यांना काहीतरी हवं असायचं आणि ते तिच्याकडे मागितलं जायचं.

मुलाखतीचे नियम छापील होते. खुर्चीवर बसावे. प्रश्न आहे तसा वाचावा. घरातील कोणत्याही कामास हात लावू नये. मामीने पहिल्याच दिवशी तिसरा नियम मोडला. ती म्हणायची, "रिकाम्या हाताने बसलेल्या बाईशी कुठलीच बाई बोलत नाही. तिला वाटतं, ही बघायला आलीय." ती दुपारी दोन ते चार जायची, पुरुष कारखान्यात आणि मुलं शाळेत असताना. पिशवी दाराशी ठेवायची आणि समोर जे चाललं असेल त्यात हात घालायची. मटार सोलायचे असतील तर मटार, कपड्यांच्या घड्या तर घड्या. फॉर्म मांडीखाली. मध्येच एखादी ओळ लिहायची. तिच्या फॉर्मवर हिरवे डाग असायचे. सरांनी एकदा विचारलं, हे काय? "मटार," मामी म्हणाली. सरांनी मान हलवली. त्यांना वाटलं असावं, घरी जेवणाच्या टेबलावर लिहीत असतील.

साठ घरं तिने अडीच महिन्यांत केली. आमचे फॉर्म दोन-दोन शब्दांचे असायचे, "पती", "नाही", "माहीत नाही". तिच्या फॉर्ममध्ये जागा पुरायची नाही, समासात लिहून मागच्या पानावर बाण काढलेले असायचे.

विभागाची एक पद्धत होती. पूर्वी एका विद्यार्थ्याने कॅन्टीनमध्ये बसून शंभर फॉर्म मनानेच भरले होते. त्यावर त्याला पहिला वर्गही मिळाला होता. ते उघडकीला आल्यापासून सरांनी पडताळणी सुरू केली. दर दहावं घर दुसऱ्या विद्यार्थ्याने जाऊन पुन्हा तपासायचं, ठरावीक पाच प्रश्न पुन्हा विचारायचे, उत्तरं जुळतात का पाहायचं. कोण कुणाची पडताळणी करणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरे. माझ्या हातात आलेली चिठ्ठी मी उघडली तर मामीचं नाव.

मी तिच्याकडे बघितलं. ती फळ्याकडे बघत होती. फळ्यावर काही नव्हतं.

घरी मी म्हटलं, "सरांना सांगायला हवं. नात्यातली मी."

"आणि दोन वर्षं का नाही सांगितलं, ते काय सांगणार?" मामी म्हणाली. "कर तू. अगदी नियमाने कर. माझी आहेस म्हणून एवढंसं सोडू नकोस, नाहीतर म्हणतील घरातल्या घरात भागवलं." तिच्या आवाजात काळजीचा लवलेश नव्हता. साठ घरी बसून, बोलून, मटार सोलून आलेली बाई, तिला कसली काळजी असणार?

पडताळणीचेही नियम छापील होते. भेटीच्या वेळी कुटुंबप्रमुख शक्यतो घरी असावा, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. म्हणून मी रविवार निवडला, सकाळी दहाची वेळ. इस्त्रीचे कपडे घातले, नवीन पॅड घेतलं.

दहा नंबरच्या घरी बनियनमधला माणूस पेपर वाचत होता. त्याने खुर्ची पुसून दिली. "विद्यापीठातून? विचारा, विचारा." बाई स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी राहिली. मी प्रश्न वाचला. घरातले मोठे निर्णय कोण घेतं?

"आमच्याकडे हायकोर्ट मीच," तो हसला.

"हेच घेतात," बाई म्हणाली. "यांना विचारल्याशिवाय घरात पान हलत नाही."

मामीच्या फॉर्मवर त्याच प्रश्नापुढे लिहिलं होतं, "मीच ठरवते. मग दोन दिवस उलटं बोलत राहते, म्हणजे हे हट्टाने तेच करतात." मी "जुळत नाही" वर खूण केली.

वीस नंबरला विचारलं, रोज किती तास काम करता? ती बाई नवऱ्याकडे बघून हसली. "मी कसलं काम करते, घरीच तर असते." मामीने तिथे पहाटेपासूनचा हिशेब मांडला होता, पाणी भरण्यापासून कुलूप लावण्यापर्यंत, पावणेसोळा तास. जुळत नाही.

तीस नंबरचं घर मला अजून दिसतं. पलंगावर सासू, खुर्चीत मुलगा, दोन नाती जमिनीवर चित्रं काढत होत्या. प्रश्न होता, आणखी मूल नको हा निर्णय कोणी घेतला? सासू म्हणाली, "निर्णय कसला बाई. डॉक्टर म्हणाले, आता हिला व्हायचं नाही. आमचं नशीब." मुलगा खाली बघत होता. दारातल्या बाईने मान डोलावली. "नशीब," ती म्हणाली.

माझ्या मांडीवर मामीचा फॉर्म होता. त्यात लिहिलं होतं, "दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेले होते तेव्हा ऑपरेशन करून घेतलं. माझ्या आईला ठाऊक आहे. इकडे कुणाला नाही."

सासूला वाचता येत नसावं, पण ती पुढे वाकली तशी मी फॉर्म पालथा केला. दारातून ती बाई माझ्या हाताकडे बघत होती. म्हणजे मला कळलं होतं. त्याच क्षणी सगळं कळलं होतं, असं मला आज प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि तरीही जिन्यात उभं राहून मी खूण केली. जुळत नाही. मी बावीस वर्षांची होते, ऐकलं ते लिहायचं असं शिकले होते, आणि माझ्यावर कुणी पक्षपाताचा आळ घेऊ नये एवढंच माझ्या डोक्यात होतं.

सहापैकी पाच घरं जुळली नाहीत. सहाव्या घरी बाई विधवा होती.

सरांनी बुधवारी मामीला बोलावलं, मलाही. टेबलावर सहा फॉर्म पसरलेले होते. "कॅन्टीन सर्व्हे मी पुष्कळ पाहिले," सर म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता. "पण इतक्या मेहनतीने केलेला पहिलाच. तुमच्याकडून नव्हती अपेक्षा."

"उत्तरं बायकांनीच दिलीत, सर."

"मग त्यांना इथे आणा. पाचपैकी तिघी आल्या तरी पुरे. माझ्यासमोर सांगू देत. सोमवारपर्यंत. नाहीतर प्रबंध रद्द, आणि बनावट माहिती असा शेरा मला रजिस्टरात लिहावा लागेल. स्वतः होऊन मागे घेतलात तर शेरा टळेल, दोन पेपर देता येतील. सात आठवडे आहेत."

मामी बरं म्हणाली, ते सहा फॉर्म गोळा करून पिशवीत घातले आणि पिशवी खांद्याला लावून निघाली. मी मागे. त्या दिवशी आम्ही एकाच स्टॉपवर चढलो.

घरी तिने रोजच्यासारखं जेवण केलं. मला रोजच्यासारखं वाढलं. ती ओरडली असती तर मला जेवण गेलं असतं. मामा आणि मुलं उठून गेल्यावर तिने एवढंच विचारलं, "किती वाजता गेली होतीस?"

"रविवारी. दहाला."

तिने डाव पातेल्यात ठेवला. रागावेल असं वाटलं, तर तिला हसूच आलं, बरं नव्हे तसलं. "रविवारी दहाला मामाला शेजारी बसवून मला कुणी विचारलं, बाई, तुम्हाला शिकायला कोणी घातलं, तर मी काय सांगेन?"

गेल्याच महिन्यात मामाच्या साहेबांपुढे ती काय म्हणाली होती ते मी ऐकलं होतं. "यांनीच आग्रह केला," म्हणाली होती, आणि मामा कॉलर ताठ करून बसला होता.

"तू काय करणार, नियमच तसा," ती म्हणाली. "पण अगं, तू बाई आहेस ना?"

हे तिने मला त्या पडताळणीवरून बोललेलं एकच वाक्य. ते पुरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांकडे गेले. म्हटलं, माझी पडताळणी चुकली. घरात माणसं असताना त्या बायका तसं बोलणारच नाहीत.

"वेळ बदलली की उत्तर बदलतं, असं म्हणायचंय तुम्हाला?"

"हो सर."

"हे चार दिवसांनी का सुचलं?"

मग मला सांगावंच लागलं. मी त्यांच्या घरी राहते, त्या माझ्या मामी. सरांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले. "म्हणजे आता तुमच्या दोन्ही जबान्या निकामी. पहिली द्यायला नको होती, दुसरी घरच्यांनी पढवलेली." चष्मा परत लावत म्हणाले, "मुली, मी मानेनही एखादे वेळी. पण मानणं ही पद्धत नव्हे. मला बायका दाखवा."

मी तशीच वसाहतीत गेले, दुपारी दोनला. दहा नंबरची बाई दारातच म्हणाली, "हे कामावर गेलेत." मी म्हटलं, तुम्हालाच भेटायचंय. तिने मला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. रविवारच्या खुर्चीवाली मुलगी तिच्या ध्यानात पक्की होती. मी सगळं सांगून टाकलं. ती ऐकत राहिली, मग शेजारणीला हाक मारली, तिने आणखी एकीला. तीस नंबरवाली सर्वांत शेवटी आली, ओले हात तसेच घेऊन.

"माझं नाव आहे त्या कागदावर?" तिने पहिलं हेच विचारलं.

"नाव नाही. नंबर."

"नंबर म्हणजे घराचाच ना?"

"घराचाच," मी म्हटलं. मग दहा नंबरवाली म्हणाली, "त्या बाईंचं नुकसान होतंय का आमच्यापायी?"

"शिकवायची नोकरी मिळणार होती. ती जाईल."

"मग येतो की," ती म्हणाली. "आमच्या हायकोर्टाला कळलं तर चार दिवस धुसफुस करेल. करू दे." वीस नंबरवालीनेही मान हलवली. सगळ्यांनी तीस नंबरवालीकडे बघितलं. तिने हात पदराला पुसले. "बाई म्हणाल्या तर येईन. पुढचं पुढे."

मी घरी पळतच आले. मामी इस्त्री करत होती. म्हटलं, मामी, तिघी येतायत, सोमवारी, मी ठरवून आले.

तिने इस्त्री उभी केली. "तू त्यांना विचारलंस?"

"हो."

"तीस नंबरलाही?"

"ती हो म्हणाली. तू म्हणालीस तर येईन म्हणाली."

"येईलच ती." मामीचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. "येईल, सरांच्या खुर्चीसमोर उभी राहील, सांगेल. आणि संध्याकाळी परत कुठल्या घरी जाईल? दोनशे घरांची वसाहत. तिघी नटूनथटून विद्यापीठात कशाला गेल्या, हे जेवणाच्या आत सगळीकडे झालेलं असेल. माझ्या मांडीला मांडी लावून तिने सांगितलं ते काय साहेबाला ऐकवायला?"

"पण मग तुझा प्रबंध?"

तिने पुन्हा इस्त्री हातात घेतली. मामाच्या शर्टाची एक बाही केली, दुसरी केली, कॉलर केली. शर्टाची घडी घालून झाल्यावर म्हणाली, "उद्या जा आणि त्यांना सांग, सगळं मिटलं, यायची गरज नाही. खोटं वाटू देऊ नकोस."

मी गेले आणि सांगितलं. तीस नंबरवालीने माझ्या हातात मूठभर मटार कोंबले, बाईंना द्या म्हणून.

सोमवारी आम्ही दोघी विभागात गेलो. या वेळी लपवायचं काही नव्हतं. प्रबंध मागे घेण्याचा अर्ज ऑफिसात मिळायचा. मामीने उभ्याउभ्याच भरला. क्लार्क बाईंनी तो वाचून परत दिला. "कारण राहिलंय."

मामीने पेन घेतलं आणि रिकाम्या जागेत लिहिलं, "घरगुती कारणास्तव".

"असंच होतं हो," क्लार्क बाई शिक्का मारत म्हणाल्या. "घर सांभाळून कसं जमायचं."

"हो ना," मामी म्हणाली.

सरांनी अर्ज वाचला. "घरगुती म्हणजे? तुमच्या घरी काही अडचण?"

"माझ्या नाही, सर. पाच घरांत होईल."

त्यांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला. मग त्यांनी सही केली. "फॉर्म विभागाचे आहेत. ते जमा करा."

मामीने पिशवीतून गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. सरांनी वरचा उचलला, उलटून पाहिला, दुसरा उचलला. साठही फॉर्मची पहिली पानं नव्हती. घर क्रमांक नव्हता, वसाहतीचं नाव नव्हतं. नुसती उत्तरं, समासातल्या बाणांसकट.

"हे असे फॉर्म शास्त्राच्या उपयोगाचे नाहीत," सर म्हणाले.

"हो सर. माहीत आहे."

सरांनी गठ्ठ्याला दोरी बांधली आणि तो लोखंडी कपाटात ठेवला. रद्दीत टाकला नाही. रजिस्टरात शेराही लिहिला नाही. पुढच्या वर्षीच्या छापील नियमांत कुटुंबप्रमुख घरी असावा ही ओळ नव्हती, असं मला मागाहून एका ज्युनिअर मुलीने सांगितलं.

बसस्टॉपवर मला रडू आलं. म्हटलं, मी परत जाते, सरांच्या पाया पडते. मामी रस्त्याकडे बघत म्हणाली, "गप. बस आली. आणि घरी गेल्यावर सातव्या पेपरच्या वह्या काढ. कुणाच्या आहेत त्या? वर्गातल्या त्या उंच मुलाच्या ना? अक्षर भयंकर आहे त्याचं."

पुढचे सात आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत सुखाचे असतील असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. माझा प्रबंध चालू होता, पण मी दुपारी घरी येऊन मामीला प्रश्न विचारत बसायचे. ओट्याशेजारी एक घडीचं टेबल होतं. त्याच्या एका बाजूला वह्या, दुसऱ्या बाजूला तिचं जे काम असेल ते. ती कणीक मळता मळता सामाजिक स्तरीकरणाचे सिद्धांत सांगायची आणि अडली की पीठ लागलेलं बोट वहीकडे करायची. "पान उलट. नाही, त्याच्या आधीचं." उंच मुलाचं अक्षर आम्हाला दोघींना मिळून लागायचं. धाकटा मुलगा शाळेतून आला की दप्तर टाकून विचारायचा, "आज कुणाचा सिद्धांत?" मामासुद्धा रात्रीची भांडी स्वतः विसळायला लागला. घासायची नाही, नुसती विसळायची. "हेही स्तरीकरणच," मामी म्हणाली. त्याला समजलं नाही, पण तो हसला. प्रबंधाचं काय झालं ते त्याला कधीच पुरतं सांगितलं नाही. त्याच्या मते पेपर देणं जास्त सुरक्षित असतं, आणि तसा सल्ला त्यानेच तिला दिला होता.

मामीला चोपन्न टक्के पडले. दुसरा वर्ग. त्यावर पीएच.डी. नव्हती आणि संध्याकाळच्या कॉलेजातली जागा वर्गातल्या दुसऱ्याच कुणाला मिळाली. मला पहिला वर्ग मिळाला. मी पुढे त्या विषयात राहिले नाही.

मामीने एका पाहणी संस्थेत नोकरी धरली. लोकांच्या घरी जाऊन प्रश्न विचारणाऱ्या मुलींना ती शिकवायची. अठरा वर्षं ते काम तिने केलं. पिशवी ग्रंथालयाशी उतरण्याऐवजी रोज वेगवेगळ्या स्टॉपवर उतरायला लागली. निवृत्त झाली तेव्हा त्या मुलींनी तिला भेट म्हणून आरामखुर्ची दिली. तीत ती कधी बसली नाही, तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

परवा तिच्याकडे गेले होते. मामा जाऊन सहा वर्षं झाली. ती आता सत्त्याहत्तरची आहे, ऐकू जरा कमी येतं. आम्ही चहा घेत होतो. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी एकदाचं विचारलं. "मामी, त्या प्रबंधाची हळहळ वाटली का गं कधी?"

तिने ऐकू आलं नाहीसं केलं. मी पुन्हा विचारलं, मोठ्याने.

"वाटली की," ती म्हणाली. "तो सातवा पेपर फार रटाळ होता."